म्रन्मा, ब्रह्मदेश कीं म्यानमार ?

ता. १८ जून १९८९ रोजीं रंगून येथील लष्करी सरकारानें एक लहानसा कायदा केला. त्याच्या नांवाचें मराठी ‘संज्ञा-अनुकूलनाचा कायदा’ असें करतां येईल. कलमें मोजकीं आहेत. जुन्या कायद्यांच्या इंग्रजी पाठांत जेथें जेथें ‘बर्मा’ असेल तेथें तेथें ‘म्यानमार’ वाचावें, आणि गांवें, नद्या व प्रांत यांचीं इंग्रजी नांवें तद्देशीय उच्चाराप्रमाणें बदलावीं, एवढाच त्यांचा आशय. हें सरकार त्यापूर्वीं नऊच महिने, म्हणजे १८ सप्टेंबर १९८८ रोजीं, लोकांचा उठाव शस्त्रबळानें मोडून अधिकारारूढ झालें होतें. संयुक्त राष्ट्रसंघानें नवें नांव लागलीच दप्तरीं दाखल करून घेतलें. अमेरिकेच्या सरकारानें तें स्वीकारलें नाहीं. आणि आमच्याकडील वर्तमानपत्रांनीं पिढ्यान्‌पिढ्यांचें ‘ब्रह्मदेश’ हळुहळू टाकून ‘म्यानमार’ हें रूप धरलें. ताडपत्रावरील पाली पोथ्या व इंग्रजी अमदानीचे कागद ज्यांच्या संग्रहीं आहेत असे कांहीं स्नेही आम्हांस विचारतात कीं, यादींत देशाचें नांव काय घालावें ? या विचारण्याचें उत्तर द्यावयाचें तर कायद्याच्या समर्थनार्थ पुढें केलेलीं प्रमाणें आधीं तपासलीं पाहिजेत.

तीं प्रमाणें दोन. पहिलें असें कीं, ‘बर्मा’ हें परकीयांनीं लादलेलें अपभ्रष्ट नांव असून ‘म्यानमार’ हें देशाचें मूळचें नांव होय. दुसरें असें कीं, ‘बमा’ या शब्दानें त्या देशांतील एकाच, संख्येनें सर्वांत मोठ्या, जातीचा बोध होतो, आणि ‘म्यानमार’ या शब्दांत शान, करेन, मोन, काचिन, चिन, अराकानी इत्यादि सर्वांचा समावेश होतो.

पहिल्या प्रमाणांत सत्याचा अंश आहे, तो आधीं देऊन टाकूं. पगान येथील राजा चान्सित्था याच्या राजवाड्यासंबंधीं बाराव्या शतकाच्या अगदीं आरंभींचा एक मोन भाषेंतील शिलालेख आहे. त्यांत ‘मिर्मा’ या लोकांचा उल्लेख मोन व तिर्चुल यांच्या जोडीनें येतो. (तिर्चुल म्हणजे ज्यांस आपण प्यू म्हणतों ते. प्यू हें नांव त्यांस शेजाऱ्यांनीं दिलें, आणि तेंच इतिहासांत राहिलें. नांवाच्या बाबतींत शेजारी नेहमींच वरचढ ठरतो.) त्याच शतकाच्या अखेरीपासून ब्रह्मी भाषेंतील लेखांत ‘म्रन्मा’ हें रूप सांपडूं लागतें, आणि तेराव्या शतकांत ‘म्रन्मा प्रञ्’ म्हणजे म्रन्मांचा देश असाही प्रयोग आढळतो. आजही ब्रह्मी लिपींत देशाचें नांव लिहितात तें अक्षरशः देवनागरींत उतरलें तर ‘म्रन्मा’ असेंच उतरतें. तेव्हां नांव जुनें आहे, यांत शंका नाहीं.

परंतु ‘बमा’ हें रूप परकीयांनीं केलें, हें म्हणणें टिकत नाहीं. ‘म्रन्मा’ व ‘बमा’ हीं एकाच शब्दाचीं दोन रूपें असून पहिलें ग्रांथिक व दरबारी, दुसरें बोलण्यांतलें. हीं दोन्ही त्या लोकांचींच. म्रकारांतून बकार कसा निघतो याविषयीं मराठी वाचकास फार समजावून सांगण्याचें कारण नाहीं. आम्राचा आंबा व ताम्राचें तांबें आपल्याच घरांत झालेलें आहे. हा दाखला साम्यापुरताच घ्यावा. दोन्ही भाषांचे नियम एकच, असें आम्ही म्हणत नाहीं. इंग्रजांनीं कानानें ऐकलें तें ‘बमा’ आणि त्यांनीं आपल्या लेखनपद्धतीप्रमाणें त्यांत एक रकार घातला. १९८९ सालच्या सरकारानें तो रकार काढून टाकावयास हवा होता. त्यानें ‘म्यानमा’ या शब्दाच्या शेवटीं नवा रकार चिकटविला. दक्षिण इंग्लंडांतील उच्चारांत अंत्य रकार मुका असून मागील स्वर लांबविण्यापुरताच तो लिहितात. त्या संकेतानें हें स्पेलिंग झालें. म्हणजे परकीय छाप पुसण्यासाठीं जें नांव काढलें तें इंग्रजी उच्चारपद्धतीवांचून वाचतांच येत नाहीं. मूळ शब्दांत रकार आहे तो पहिल्या अक्षरांत. कायद्यानें तो तेथून उचलून शेवटीं नेऊन बसविला. आपण मराठी लोक तर तें इंग्रजी स्पेलिंग जसेंच्या तसें देवनागरींत उतरून ‘म्यानमार’ असा खणखणीत रकार उच्चारतों. हा उच्चार रंगुनांतही कोणी करीत नाहीं आणि लंडनांतही करीत नाहीं !

गांवांच्या नांवांचीही हीच गत. कायद्यानें ‘रंगून’चें ‘यांगोन’ केलें. सन १७५५ त अलौंगपया राजानें दगोन हें गांव घेऊन त्यास नवें नांव दिलें तें ब्रह्मी लेखनांत रकारादिच आहे. अर्थ ‘वैराचा अंत’ असा. मध्य ब्रह्मदेशांत पुढें रकाराचा यकार झाला, अराकानांत तो रकारच राहिला. तेव्हां ‘रंगून’ हा इंग्रजी अपभ्रंश नसून जुन्या उच्चाराचा अवशेष होय. ‘करेन’चें ‘कयिन’ व ‘प्रोम’चें ‘प्ये’ हीं याच जातीचीं उदाहरणें. बरें, चालू उच्चार हेंच प्रमाण मानावयाचें असेल तर तें सर्वत्र मानावें. पण ‘अराकान’चें कायद्यानें ‘रखाइन’ केलें, तेथें रकार कायम ठेविला. वास्तविक मध्य ब्रह्मी उच्चार ‘यखाइन’ असा आहे. आणि जेथें खुद्द देशाचें नांव आलें तेथें बोलींतील ‘बमा’ टाकून ग्रंथांतील रूप घेतलें. एका गांवास बोलीचें प्रमाण, दुसऱ्यास प्रांतिक उच्चाराचें, देशास पोथीचें ! पाठसंशोधन करणारा एखादा नवशिका असें करूं लागला तर त्याची प्रत आम्ही छापावयास घेणार नाहीं.

आतां दुसरें प्रमाण. राजकारणाचें खरें मर्म येथें आहे.

सन १९३० त रंगून येथें ‘दो-बमा असिअयोन’ म्हणजे ‘आम्ही बमा’ ही संस्था निघाली. तिचे तरुण सभासद स्वतःस ‘थाकिन’ म्हणजे धनी म्हणवीत, कारण गोऱ्या साहेबास तेथें याच शब्दानें हांक मारावी लागे. या मंडळींपुढें हाच प्रश्न होता. त्यांनीं ‘बमा’ हा शब्द मुद्दाम निवडला. त्यांचें म्हणणें असें कीं, ‘म्रन्मा’ म्हणजे केवळ एक जात, आणि ‘बमा’ म्हणजे त्या भूमींत राहणाऱ्या सर्व जाती. १९८९ सालीं सरकारानें जो युक्तिवाद केला त्याच्या हा नेमका उलट आहे. आणि गंमत अशी कीं, दोन्ही पक्ष आपापल्या नांवाची व्याप्ति शब्दाच्या अंगचीच असल्यासारखी सांगतात. पुढें १ आगस्ट १९४३ रोजीं जपानच्या छत्राखालीं बा मॉ यांनीं जें राज्य पुकारलें त्याचें नांव ‘बमा’. ४ जानेवारी १९४८ रोजीं स्वातंत्र्य आलें तेव्हां इंग्रजींत ‘बर्मा’ व ब्रह्मी भाषेंत ‘म्यानमा’, अशीं दोन्ही नांवें एकाच वेळीं सरकारमान्य होतीं, आणि चाळीस वर्षें त्यांत कोणास विसंगति दिसली नाहीं. दो-बमा संस्थेच्या गीतावरून देशाचें राष्ट्रगीत झालें. त्यांतील ‘बमा’ हा शब्द १९८९ सालीं काढून तेथें ‘म्यानमा’ घालण्यांत आला. जुन्या पाठावर असा हात फिरलेला पाहिला म्हणजे हस्तलिखितें चाळणाऱ्या माणसास पाठ बदलणाराचा हेतु शोधावासा वाटतो.

हेतूचा पुरावा कायद्यांतच आहे. सर्व जातींचें मिळून जें नांव तें ‘म्यानमार’, हें क्षणभर मान्य करूं. मग भाषेचें नांव काय ? त्याच कायद्यानें ब्रह्मी भाषेस ‘म्यानमार भाषा’ म्हटलें; आणि २००८ सालच्या राज्यघटनेच्या ४५० व्या कलमानें ‘म्यानमार भाषा’ हीच राजभाषा ठरविली. ही भाषा बमा जातीची. शानांची, करेनांची, काचिनांची भाषा निराळी. तेव्हां देशाच्या नांवांत सर्व जाती आल्या असें म्हणावयाचें, आणि भाषेच्या नांवांत तोच शब्द एका जातीच्या भाषेस लावावयाचा, यानें समावेश झाला कीं गिळणें झालें, हें वाचकांनींच ठरवावें. शिवाय करेन लोकांस ‘कयिन’ म्हणणें म्हणजे त्यांच्या शेजाऱ्यानें त्यांस दिलेलें नांव, शेजाऱ्याच्याच आजच्या उच्चारांत त्यांच्यावर कायम करणें होय. ते स्वतःस स्वतःच्या भाषेंत निराळेंच कांहीं म्हणतात, आणि कायद्यास त्याची गरज पडली नाहीं.

एवढ्यावरून ‘बर्मा’ हेंच नांव न्याय्य, असा निष्कर्ष काढण्याची कित्येकांस घाई होते. तीही आम्हांस मान्य नाहीं. विरोधी पक्षाचा मूळचा आक्षेप सरळ होता: लोकांस न विचारतां हें नांव बदललें, आणि बदलणारास तो अधिकार नव्हता. २७ मे १९९० रोजीं निवडणूक झाली, तींत आँग सान सू ची यांच्या पक्षास ३९२ जागा मिळाल्या, आणि ती सभा सरकारानें कधींच भरूं दिली नाहीं. तेव्हां आक्षेपास बळ होतें. परंतु नांव ठेवणाराचा अधिकार हा एक प्रश्न, आणि नांवाचा इतिहास हा दुसरा. परदेशांतील पुष्कळ लेखकांनीं यांची सरमिसळ केली. ‘बर्मा’ म्हणणारा तो लोकपक्षाचा व ‘म्यानमार’ म्हणणारा तो लष्कराचा, अशी खूणगांठ त्यांनीं बांधून टाकली. ती पुढें टिकली नाहीं. नोव्हेंबर २०१२ त अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा रंगुनास गेले तेव्हां यजमानांच्या मानासाठीं त्यांनीं ‘म्यानमार’ म्हटलें. १ फेब्रुवारी २०२१ रोजीं लष्करानें पुन्हां सत्ता बळकावली तेव्हां अध्यक्ष बायडन यांच्या पत्रकांत ‘बर्मा’ आलें. मात्र त्याच साली लष्कराविरुद्ध जें राष्ट्रीय एकता सरकार उभें राहिलें त्यानें आपल्या नांवांत ‘म्यानमार’ हाच शब्द घातला ! तीस-बत्तीस वर्षांत एक पिढी त्या नांवाखालीं वाढली होती. नांव कोणी दिलें हें विसरून लोक नांव वापरतात, हें आपल्याकडील गांवांच्या सनदा चाळणारास नव्यानें सांगावयास नको.

(सयामची हकीकत जातां जातां. लष्करी पंतप्रधान पिबुल यांनीं १९३९ सालीं त्याचें ‘थायलंड’ केलें. १९४५ सालीं पुन्हां ‘सयाम’ झालें. १९४९ सालीं पुन्हां ‘थायलंड’. तेथें तर ‘थाई’ हें उघडच एका जातीचें नांव होतें, आणि त्याविषयीं आज बाहेर कोणी वाद घालीत नाहीं.)

आपल्या ‘ब्रह्मदेश’ या नांवाविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. सर आर्थर फेर यांनीं ‘म्रन्मा’ हा शब्दच ‘ब्रह्म’पासून निघाला असा तर्क केला होता. वर सांगितलेल्या मोन लेखांतील ‘मिर्मा’ हें जुनें रूप पाहतां तो तर्क आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. ऐकलेल्या शब्दास संस्कृत पेहराव चढवून भारतीयांनीं ‘ब्रह्मदेश’ केलें, असें मानणें अधिक सयुक्तिक. आसामच्या बुरंज्यांत याच लोकांस ‘मान’ म्हटलें आहे. तेव्हां शेजाऱ्याचें नांव म्हणून ‘ब्रह्मदेश’ यास जो हक्क आहे तो आहे. मूळ नांव म्हणून नाहीं. लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगांत होते तो ब्रह्मदेश, आणि गीतारहस्य तेथें लिहिलें गेलें. मराठी वाचकास ‘म्यानमारांतील मंडाले’ असें सांगितलें तर तो क्षणभर गोंधळतो, आणि त्या गोंधळांत त्याचा दोष नाहीं.

नांवें देशांतर कसें करतात याचा याहून नवलाचा दाखला आमच्या कोंकणांत आहे. ब्रह्मी राजांच्या बिरुदावलींत ‘सुनापरंत व तंबदीप यांचा स्वामी’ असा पाठ असे. तंबदीप म्हणजे ताम्रद्वीप. म्रचा म्ब येथेंही आहेच. सुनापरंत हा देश पाली मज्झिमनिकायांतील पुण्णोवादसुत्तांत येतो. पुण्ण हा भिक्षु बुद्धाची अनुज्ञा घेऊन तेथें गेला. अट्ठकथेच्या परंपरेनें या देशाचा संबंध सुप्पारक बंदराशीं जोडला आहे, आणि सुप्पारक म्हणजे आपलें सोपारें, जेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उकरला. म्हणजे सुनापरंत हा विद्वानांच्या मतें अपरान्त, उत्तर कोंकण. ब्रह्मी परंपरेनें मात्र तो इरावतीच्या पश्चिम तीरावर, मिन्बूच्या बाजूस ठरविला, आणि श्वेसेत्तॉ येथील बुद्धपदांची कथा पुण्णाशीं जोडली. भक्तीनें नांव समुद्रापलीकडे नेलें. त्यासाठीं कोणास आपलें नांव सोडावें लागलें नाहीं. पुढें १ जानेवारी १८८६ च्या जाहीरनाम्यानें इंग्रजांनीं राज्य खालसा केलें, आणि त्याच वर्षीं सुनापरंताचा हा शेवटचा स्वामी, थिबा राजा, आमच्या रत्नागिरीस आणून ठेविला. बिरुदांतील देश त्यास अशा रीतीनें प्रत्यक्ष पाहावयास मिळाला. इंग्रजी कागदांत तो ‘माजी राजा’ झाला, आणि डिसेंबर १९१६ त तेथेंच वारला.

या सर्व वादांत ज्या नांवाचें मोल माणसांच्या जिवाशीं लागलें तें देशाचें नांव नव्हे. एप्रिल २०१६ त आँग सान सू ची परराष्ट्रमंत्री या नात्यानें परदेशी वकिलांस म्हणाल्या कीं, घटनेंत अमुकच नांव वापरा असें कोठें नाहीं, ‘बर्मा’ म्हणा कीं ‘म्यानमार’ म्हणा. ही उदार भूमिका होती. परंतु त्याच सुमारास त्यांच्या खात्यानें अमेरिकन वकिलातीस विनंति केली कीं, अराकानांतील मुसलमानांस ‘रोहिंग्या’ म्हणूं नये. लष्करी सरकारांचा पक्षही हाच होता: हें नांव अलीकडचें, बनावट, आणि हे लोक बंगाली. २०१४ सालच्या खानेसुमारींत या नांवानें नोंद घेण्याचें नाकारलें, आणि अराकानांतील सुमारें १०,९०,००० माणसें मोजणींतून वगळलीं गेलीं. आगस्ट २०१७ पासून सात लक्षांहून अधिक माणसें सरहद्द ओलांडून बांगलादेशांत गेलीं.

नांव बनावट कीं अस्सल, हा तर आमच्या धंद्यांतला प्रश्न. डॉ. फ्रान्सिस बुकानन हा सन १७९५ त कॅप्टन साइम्सच्या वकिलातीबरोबर आवा दरबारीं गेला होता. त्यानें तेथील भाषांच्या शब्दांची एक तुलनात्मक यादी केली, ती एशियाटिक रिसर्चेसच्या पांचव्या खंडांत १७९९ सालीं छापली आहे. तींत अराकानांत फार काळ स्थायिक झालेले मुसलमान स्वतःस ‘रूइंगा’ म्हणवितात अशी नोंद आहे. बुकाननला या वादाची कल्पना असण्याचें कारण नाहीं. तो औषधें, झाडें व शब्द टिपणारा मनुष्य. अशा निःस्वार्थ साक्षीदाराची साक्ष आपण इतरत्र अव्वल दर्जाची मानतों. सतराव्या शतकांत अराकानच्या दरबारीं दौलत काजी व आलाओल हे कवि बंगालींत काव्यें करीत होते, आणि त्या राज्यास बंगाली कवि ‘रोसांग’ म्हणत; त्याच्याशीं हें नांव जुळतें. आज ज्यांस हें नांव लावतात ते सर्वच त्या जुन्या वसाहतवाल्यांचे वंशज, असें एवढ्यावरून सिद्ध होत नाहीं. इंग्रजी अमदानींत चितगांवाकडून पुष्कळ लोक आले हें खरें. पण नांव अलीकडे बनविलें, हा पक्ष १७९९ सालच्या छापील पानापुढें उभा राहूं शकत नाहीं. सरकारानें ज्या प्राचीनतेच्या बळावर ‘म्रन्मा’ उचललें तीच कसोटी ‘रूइंगा’स लावावयास तें तयार नाहीं.

आतां स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर. यादींत मुख्य मथळा कोणताही एक ठेवावा. ‘ब्रह्मदेश’ ठेविला तर मराठी वाचकास सोईचें, आणि ‘म्यानमार’कडून तेथें निर्देश करावा. परंतु पोथीवर किंवा कागदावर जें नांव असेल तें अक्षरशः उतरून घेतल्याशिवाय नोंद पुरी समजूं नये. यांदाबूचा १८२६ सालचा तह ‘आवा’च्या राजाशीं झाला, त्या काळचा कागद ‘म्यानमार’ या मथळ्याखालीं घालून मूळ शब्द गाळला तर पुढच्या शोधकास तो कधींच सांपडणार नाहीं. ब्रह्मी लिपींतील नांव असेल तेथें ‘म्रन्मा’ किंवा ‘बमा’ जें असेल तें लिहावें, ‘म्यानमार’ लिहूं नये. पुष्पिकेंत ‘सुनापरंत’ आल्यास तो इरावतीकडील, कोंकणांतील नव्हे, असें कंसांत टिपावें. आणि बुकाननच्या यादीची नक्कल कोणाच्या संग्रहीं असेल त्यांनीं ‘रूइंगा’ हा शब्द शब्दसूचींत स्वतंत्र घालून त्याखालीं आजचें रूप द्यावें.